कोणाला सांगू नकोस हं!

"कोणाला सांगू नकोस हं" असं शेवटी लिहिलेला मेसेज आपल्याला आला, की समजावं, यादीत आपला नंबर बराच खालचा आहे. वरच्या चार-पाच जणांना ती बातमी फोनवर, आवाज उतरवून, केव्हाच सांगून झालेली असते. टाइप करण्याचे कष्ट उरलेल्यांसाठी.

आता अशा निरोपांच्या डोक्यावर एक पिवळसर पट्टी असते. इथले मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, या संभाषणाबाहेरचं कोणीही, अगदी व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा, ते वाचू किंवा ऐकू शकत नाही, अशा अर्थाचं तिच्यावर लिहिलेलं असतं. पट्टी सगळ्यांनी पाहिली आहे. वाचलेली एकच व्यक्ती मला माहीत आहे, ती म्हणजे माझी मावशी. तिनं चष्मा पुसून दोनदा वाचली आणि मला विचारलं, "आत कोणालाच येता येत नाही ना? मग ही पाटी आत येऊन लावली कोणी?"

पाटी आपल्या फोनमधलं अ‍ॅपच लावतं, बाहेरून कोणी येत नाही, असं मी समजावलं.

"म्हणजे ते आत आहेच," मावशी म्हणाली आणि पोथीकडे वळली.

या विषयातले तज्ज्ञ हाच मुद्दा जरा जास्त पानं घेऊन मांडतात. कुलूप कितीही चांगलं असलं तरी ते बसवणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. सिग्नल या अ‍ॅपचा कोड उघडा आहे, ज्याला कळतं त्यानं तपासून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपचा बंद आहे. टेलिग्रामचं तर आणखी वेगळं. तिथे 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू केल्याशिवाय हे दोन टोकांमधलं कुलूप लागतच नाही, आणि ग्रुपला ते नाहीच. तरीही "हे टेलिग्रामवर बोलू" असं म्हणताना लोकांचा आवाज आपोआप खाली येतो, ही त्या अ‍ॅपची खरी किमया.

कुलपाबद्दल मात्र शंका नको. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं सगळ्यांसाठी जे एन्क्रिप्शन चालू केलं, ते सिग्नलवाल्या मॉक्सी मार्लिनस्पाइक यांच्या संस्थेचंच. किल्ल्या दोघांच्या फोनमध्ये राहतात, मधल्या सर्व्हरला मिळत नाहीत. शिवाय किल्ली मेसेजागणिक बदलते, त्यामुळे एखादी कोणाच्या हाती लागली म्हणून मागचं सगळं उघडत नाही. जगभरच्या गणितज्ञांनी ते ठोकून, वाकवून पाहिलं आहे.

पण झवेरी बाजारातला आंगडिया डोळ्यांसमोर आणा. तो पाकीट फोडत नाही. त्याच्या धंद्याचा पायाच तो. आत हिरे आहेत की भाच्याच्या मुंजीचं आमंत्रण, त्याला ठाऊक नसतं. पण पाकीट कोणी दिलं, कोणासाठी, किती वाजता, आठवड्यातून कितीदा, आणि गेल्या महिन्यापासून अचानक का वाढलं, हे त्याला पाठ असतं. या बाहेरच्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. सीआयए आणि एनएसए या दोन्ही अमेरिकन संस्थांचे माजी प्रमुख मायकेल हेडन यांनी २०१४ मध्ये एका जाहीर चर्चेत, आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो, असं सरळ बोलून दाखवलं होतं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या थराला जात नाहीत. त्यांचं सगळं काम 'लास्ट सीन'वर चालतं.

"चौथ्या मजल्यावरचा तो आयटीतला मुलगा काल रात्री पावणेदोनला ऑनलाइन होता," त्या मला पार्किंगमध्ये म्हणाल्या. "आणि बी विंगमधली ती पण. पावणेदोनलाच."

"योगायोग असेल, काकू."

"सलग चार रात्री?"

"पण पावणेदोनला तुम्ही कशा जाग्या?"

काकूंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "झोपून कळतं का काही?"

डिसेंबरात त्या दोघांचा साखरपुडा झाला. त्यांनी एकमेकांना काय लिहिलं ते आजही त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही. कुलपानं आपलं काम चोख केलं होतं. लास्ट सीन लपवायची सोय आहे, हे काकूंनाही ठाऊक आहे. ज्यानं लपवलं त्याची फाइल त्या तिथूनच उघडतात.

सिग्नलकडे ही बाहेरची माहितीही फारशी नसते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीनं समन्स काढून एका खात्याची माहिती मागितली, तेव्हा संस्थेकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. इतकं कमी दप्तर ठेवणारी संस्था आपल्याकडे नोंदणीलाच उभी राहणार नाही. आपल्याकडे वाचनालयाचं सभासद व्हायचं तरी वडिलांचं पूर्ण नाव, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो लागतात.

तर वाटेत कोणी वाचत नाही, हे मान्य. खरी गंमत मेसेज पोचल्यावर सुरू होते. परवा डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये एक सून आणि एक सासू शेजारी-शेजारी बसल्या होत्या. सुनेच्या फोनवर व्हॉइस मेसेज आला. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे तिनं फोन तोंडासमोर आडवा धरला, स्पीकर चालू केला, आणि खोलीतल्या नऊ पेशंटांनी स्वच्छ ऐकलं: "अगं, सासूबाई जवळ असतील तर हे आत्ता ऐकू नकोस."

सासूबाईंनी हातातलं मासिक खाली ठेवलं. "ऐक ऐक," त्या म्हणाल्या. "मी इथे नाहीच असं समज."

आतून कंपाउंडरनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. कोणी उठेना.

लोकलमध्ये तर वाचन सामुदायिकच असतं. डोंबिवलीहून सुटलेल्या गाडीत चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस तिसऱ्या सीटवरच्याच्या फोनमध्ये पूर्ण बसलेला असतो. स्क्रीनवर काळी काच लावणारे काही सावध लोक आहेत. पण मग बाजूचा जरा जास्त झुकतो, एवढंच. मी एकाला "जरा वर घ्या ना, तो काय म्हणाला ते राहिलं" असं म्हणताना ऐकलं आहे. आणि फोनवाल्यानं वर घेतलंही.

दोघांतच ही अवस्था, तर ग्रुपचं काय सांगावं? आपल्याकडे गोष्ट षट्कर्णी झाली की फुटली असं मानत. तीन माणसं, सहा कान. व्हॉट्सअ‍ॅपनं ग्रुपची मर्यादा आता १०२४ माणसांवर नेली आहे. म्हणजे २०४८ कान. ग्रुपमध्ये काही गुप्त ठेवण्याचा या काळातला सर्वांत भव्य प्रयत्न मात्र आपल्याकडे झाला नाही, तो वॉशिंग्टनमध्ये झाला, आणि तोही मूठभर माणसांत.

मार्च २०२५. अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी येमेनमधल्या हूतींवर करायच्या हल्ल्यांची बोलणी करायला सिग्नलवर ग्रुप काढला. ग्रुपच्या नावातच 'स्मॉल ग्रुप' असे शब्द होते. उपाध्यक्ष, संरक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री, सीआयएचे प्रमुख, सगळे त्यात. आणि 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग. कुलूप जगातलं उत्तम, गणित निर्दोष, पत्रकार आत.

गोल्डबर्गना आधी वाटलं, कोणीतरी आपली फिरकी घेतंय. १५ मार्चला संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी विमानं कधी उडणार आणि पहिले बॉम्ब कधी पडणार याचं वेळापत्रक ग्रुपवर टाकलं. गोल्डबर्ग एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाट पाहत राहिले. बॉम्ब पडले. ग्रुपवर शाबासक्या सुरू झाल्या आणि वॉल्ट्झ यांनी तीन इमोजी टाकल्या: मूठ, झेंडा आणि ज्वाळा. गुप्ततेच्या बाबतीत आपण चोख आहोत अशा अर्थाचं एक वाक्य हेगसेथ यांनी त्याआधी याच ग्रुपवर लिहून ठेवलं होतं.

युद्ध, राजकारण सगळं बाजूला ठेवून सांगतो, मला यात सगळ्यांत आपलं वाटलं ते हे, की सदस्यांची यादी एकानंही उघडून पाहिली नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी फ्लॅट विकून गेलेले एक गृहस्थ अजून आहेत. पाणीकपातीचं वेळापत्रक, कोणाचा मेंटेनन्स थकला, कोणाच्या कुत्र्यानं कुठे काय केलं, सगळं त्यांना वेळेवर कळतं. परवा त्यांनी टाकी धुण्याच्या बाबतीत सूचनाही केली. ती मंजूर झाली.

एका गोष्टीत मात्र अमेरिका फार मागे आहे. हल्ला झाल्यावर गोल्डबर्ग स्वतःहून ग्रुपमधून बाहेर पडले. का गेलात, मुळात तुम्ही कोण, असं कोणी विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे कोणी 'लेफ्ट' झालं, की दहा मिनिटांत सेक्रेटरी दारात उभे. "काय झालं? माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं का?" तोवर ग्रुपवर "त्यांना परत घ्या" आणि "घेऊ नका" असे दोन पक्ष पडतात, आणि गेलेल्या माणसाला आपल्या जाण्यावरची ही चर्चा शेजाऱ्याच्या फोनवर बसून वाचावी लागते.

गोल्डबर्गचा नंबर तिथे गेला कसा? 'द गार्डियन'नं अंतर्गत चौकशीच्या हवाल्यानं दिलेली हकिकत अशी, की वॉल्ट्झ यांच्या फोनमध्ये तो नंबर भलत्याच माणसाच्या नावाखाली सेव्ह होऊन बसला होता. फोननंच तसं सुचवलं होतं. हे ज्याला अशक्य वाटतं त्यानं कोणाही मराठी माणसाची फोनबुक उघडावी. माझ्या एका मित्राकडे 'सुतार', 'सुतार चांगला', 'सुतार घेऊ नये', 'नितीन गॅस', 'नितीन गॅस नवीन' आणि नुसतंच 'उचलू नको' अशी नोंदणी आहे. 'उचलू नको' कोण ते तो विसरला आहे, म्हणून दर वेळी उचलतो.

मेसेज आपोआप पुसले जावेत अशीही व्यवस्था त्या ग्रुपवर होती, काहींना एक आठवडा, काहींना चार. पुढे मासिकानं स्क्रीनशॉट छापले. पुसणारं यंत्र आणि स्क्रीनशॉट काढणारी दोन बोटं यांच्या शर्यतीत बोटं कधी हरल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडचं 'डिलीट फॉर एव्हरीवन' तर त्याहून घातक. मेसेज जातो, पण 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी समाधी मागे राहते, आणि ज्यांनी मूळ मेसेज कधी वाचला नसता ते सगळे फोन करून विचारतात, "काय लिहिलं होतंस?" सांगावंच लागतं. मग सांगणारा शेवटी म्हणतोच, कोणाला सांगू नकोस हं.

वॉल्ट्झ यांची कथा इथेही संपली नाही. ३० एप्रिलला मंत्रिमंडळाच्या बैठकीत ते टेबलाखाली फोन पाहत असताना रॉयटर्सच्या छायाचित्रकारानं फोटो काढला. म्हणजे लोकलमधली चौथी सीट. फोटोत दिसलं ते मूळ सिग्नल नव्हतंच. मेसेजांची प्रत जपून ठेवणारं त्याचं एक सुधारलेलं भावंड होतं. काही दिवसांतच ते भावंड हॅक झालं आणि ते बनवणाऱ्या कंपनीला सेवा थांबवावी लागली.

प्रत हीच या धंद्यातली भानगड. २०२० मध्ये रोज संध्याकाळी आपल्या वृत्तवाहिन्यांवर सिनेसृष्टीतल्या लोकांचे जुने चॅट हावभावांसकट वाचून दाखवले जात. देशानं विचारलं, मग ते एन्क्रिप्शन कुठे गेलं? व्हॉट्सअ‍ॅपनं खुलासा केला, की ते जागेवर आहे; फोनला मात्र चांगला पासवर्ड लावा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या टीआरपी प्रकरणातल्या आरोपपत्रासोबत चॅटची शेकडो पानं बाहेर आली. फोन तपास करणाऱ्याच्या हातात उघडला, की वाटेतल्या कुलपाला विचारतो कोण? आणि फोनमधलं जे पहाटे दोन वाजता क्लाउडवर जातं, त्या बॅकअपला २०२१च्या ऑक्टोबरपर्यंत हे कुलूप नव्हतंच. आता लावता येतं, पण ते आपण होऊन चालू करावं लागतं. त्यासाठी पासवर्ड ठेवा, नाहीतर ६४ आकडी किल्ली सांभाळा. माझ्या ओळखीत ती किल्ली एकाच घरात सांभाळलेली आहे. कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली.

२०२१च्या त्याच जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपनं नव्या अटी आणल्या आणि देश रागावला. इलॉन मस्क यांनी सिग्नल वापरा असं दोन शब्दांत सांगितलं, तर उत्साही लोकांनी सिग्नल अ‍ॅडव्हान्स नावाच्या टेक्ससमधल्या एका भलत्याच छोट्या कंपनीचे शेअर घेऊन भाव आकाशाला भिडवले. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपनंही स्थलांतराचा ठराव केला. सिग्नलवर नवा ग्रुप निघाला, तिथे पहिल्या दिवशी सर्वांनी गुलाबाची फुलं पाठवली, आणि दुसऱ्या दिवशीपासून "सिग्नलवर कोणी बघतं का?" ही चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर रंगली.

पण फसण्यात गुन्हेगारांनी सगळ्यांवर मात केली. सराईत टोळ्यांना खास सुरक्षित फोन हवे असतात. असा 'अ‍ॅनम' नावाचा फोन बाजारात आला. दिसायला साधा, मेसेजिंग अ‍ॅप कॅल्क्युलेटरमागे लपवलेलं, ओळखीशिवाय मिळायचा नाही, वर्गणी दणदणीत. शंभरहून अधिक देशांत सुमारे १२,००० फोन खपले. जून २०२१ मध्ये उलगडा झाला, की हा कारखाना अमेरिकेची एफबीआयच ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या साथीनं चालवत होती. प्रत्येक मेसेजची एक प्रत थेट ठाण्यात. ८०० वर लोक पकडले गेले. गिऱ्हाईक पैसे भरून स्वतःवर पाळत ठेवून घेत होतं, आणि ओळखीच्या चोरांना शिफारसही करत होतं. याहून समाधानी ग्राहक मराठी उद्योजकाच्या स्वप्नातही येत नाहीत.

पेगासस या पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विनोद सुचत नाही. व्हॉट्सअ‍ॅप कॉल नुसता आला, उचललासुद्धा नाही, तरी फोन परक्याचा होतो, हे मे २०१९ मध्ये कळलं. अशा जगभरच्या सुमारे १४०० फोनांत आपल्याकडचे पत्रकार आणि कार्यकर्तेही होते. तुमच्या-आमच्या फोनमध्ये एवढा खर्च करून कोणी येत नाही. आपण फुकट देतो ना.

सरकारची इच्छा वेगळीच आहे. २०२१च्या नियमांनुसार एखादा मेसेज देशात पहिल्यांदा कोणी पाठवला ते कंपनीनं शोधून द्यायचं. व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या वकिलांनी सांगितलं, एन्क्रिप्शन मोडायला लावलंत तर आम्ही देशातून जाऊ. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून जमावानं पाच माणसांना ठार मारलं. त्या अफवा कुलूपबंदच फिरत होत्या. त्याच महिन्यात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आली. तरी पहिला पाठवणारा शोधण्याची मला आशा नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद पडणार ही बातमी पहिल्यांदा कोणी दिली, ते तीन सर्वसाधारण सभांत निघालं नाही. प्रत्येकाकडे ती 'फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्ह्ड'च आली होती.

कुलपाची परीक्षा घेण्याची सोय मात्र अ‍ॅपमध्येच आहे, आणि ती वापरणारा एकच माणूस मी पाहिला आहे. आमच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर. कोल्हापूरच्या त्यांच्या धाकट्या भावानं फोन बदलला, तर यांच्या चॅटवर 'सिक्युरिटी कोड बदलला आहे' अशी सूचना आली. त्यांनी नियमाप्रमाणे पडताळणी करायचं ठरवलं. त्यासाठी दोघांच्या फोनवरचा साठ आकडी नंबर जुळवून पाहायचा असतो. मी पेपर परत द्यायला गेलो, तेव्हा साहेब स्वयंपाकघराचं दार लावून, नळ सोडून, फोनला ओठ चिकटवून पाच-पाच आकडे कुजबुजत होते. बाहेर वहिनी म्हणाल्या, "अर्धा तास झाला. पाणी जाईल आता." हा नंबर गुप्त नसतोच, दोन्हीकडे सारखा आहे एवढंच पाहायचं, चौकात फलकावर लिहिला तरी बिघडत नाही, हे सांगायला मी दार वाजवलं. त्यांनी आतूनच मला गप्प केलं.

संध्याकाळी तेच साहेब बिल्डिंगखालच्या एटीएमसमोर उभे राहून तिसऱ्या मजल्याकडे मान वर करून ओरडत होते, "अगं, पिन काय आपला?"

वहिनी गॅलरीत आल्या. चारचौघांत आकडे कसे सांगायचे, ते बँकवाल्याच्या बायकोला कळतं. "आपल्या लग्नाची तारीख हो! विसरलात ना?"

साहेब आठवू लागले. दर वर्षी ग्रुपवर केकचे फोटो येतात, त्यामुळे बाकी कोणाला आठवावं लागलं नाही. बी विंगच्या गॅलऱ्यांमधून तीन आवाज एकदम आले, "सतरा बारा, साहेब!"